निळ्या माश्यांसाठी बाग

६ एप्रिल, शनिवार

ही डायरी हार्डवेअरच्या दुकानातून दर नाताळाला फुकट मिळते. चाळीस वर्षं मी हिच्यात कुणाची चिमणी, कुणाची पायरी, कुणाच्या थडग्याचा चिरा एवढंच लिहीत आलो. आज पहिल्यांदाच घरचं लिहितो आहे, कारण घरात बोलायला कुणी उरलेलं नाही.

माझ्या बायकोला, ग्लेनिसला, जाऊन तीन आठवडे झाले. गेली म्हणजे ॲडलेडला, आमच्या मुलीकडे, टॅमसिनकडे. भांडून गेली असती तर निदान मलाही दोन शब्द बोलता आले असते. ती भांडलीच नाही.

झालं ते असं. सोळा मार्चला आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. परसात तीस माणसं जेवायला येणार होती. तिथं एका कोपऱ्यात जांभळ्या फुलांचं रान माजलं होतं. निम्मं तिनं लावलेलं, निम्मं आपोआप उगवलेलं. मला ते गबाळं दिसायचं. आदल्या आठवड्यात ती बाजाराला गेली असताना मी सगळ्यावर तणनाशक मारलं आणि वर पांढरी खडी पसरली. आली, बघितलं, म्हणाली, "डेस, तिथं माझ्या माश्या येत होत्या."

मी म्हटलं, "माणसं यायची आहेत घरात, माश्यांचं काय घेऊन बसलीस?"

तिनं पाहुण्यांसाठी पावलोव्हाचा केक केला, वर पॅशनफ्रूट घातलं, सगळ्यांशी हसली, सगळ्यांना फाटकापर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं गेली. मला वाटलं चार दिवसांत येईल.

१४ एप्रिल, रविवार

फोन केला. टॅमसिननं उचलला. "बाबा, आई अंघोळीला गेली आहे." मागच्या रविवारीही अंघोळीलाच गेली होती. माझी बायको इतकी स्वच्छ कधीपासून झाली ते मला माहीत नाही.

२१ एप्रिल, रविवार

कुंपणापलीकडून ट्रूडी नोस्केनं हाक मारली. ती शेजारीण, विधवा, चार पेट्या मधमाश्या पाळते आणि जिभेनंही डंख मारते.

"काय रे पेंगिली, तणनाशक उरलंय का? की आता मारायला घरात कुणी नाही?"

मी म्हटलं, "ट्रूडी, तुझ्या माश्या आहेतच की इथं. ग्लेनिसला त्या चालत नाहीत का?"

"अरे गवंड्या, माझ्या माश्या मधाच्या. तिच्या वेगळ्या. मधमाश्यांच्याच जातीच्या, पण इथल्या मूळच्या रानातल्या, पोटावर निळे पट्टे असलेल्या. पोळं नाही, राणी नाही, प्रत्येकीचा आपला वेगळा संसार. पंचेचाळीस वर्षं एका ताटात जेवलास आणि बायको दुपारी परसात काय बघत बसते ते ठाऊक नाही तुला?"

मला वाटायचं, ती ऊन खात बसते. दिवसभर परक्याच्या घरी दगड घासून आलेला माणूस बायको काय बघते ते बघत नाही. ही सबब झाली, हे लिहितानाच कळतं आहे.

ट्रूडी म्हणाली, "परत यायला तिला काही कारण दे. फुलं लाव."

२३ एप्रिल, मंगळवार

ग्रंथालयातून निळ्या माश्यांचं माहितीपत्रक आणलं. फुकट होतं. आठ पानं, बारीक अक्षर. मला फुलांची यादी हवी होती, ती तिसऱ्या पानावर होती. तेवढं पान फाडून फ्रिजवर लावलं. बाकीच्या कागदानं संध्याकाळी शेगडी पेटवली.

४ मे, शनिवार

खडी उचलली. अकरा हातगाड्या भरल्या. टाकताना अर्धा तास लागला होता, उचलायला तीन दिवस लागले.

खालची माती मेल्यासारखी झाली आहे. ट्रूडीनं शेणखत दिलं आणि चार टोमणेही दिले. यादीप्रमाणे रोपं आणली: निळी लिली, एमू-झुडूप, लव्हेंडर, साल्व्हिया, आणि इथल्या माळावरची निळ्या घंटांची बारकी फुलं. ही शेवटची रोपं इतकी नाजूक, की माझ्या बोटांत दोन मोडलीच. दगड उचलणाऱ्या हाताला हे काम नाही. पण इथला हिवाळ्यातला पाऊस तोंडावर आहे, आत्ता मुळं धरली तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या उन्हाळ्यात फुलतील.

मला एक कबूल करायचं आहे. हे सगळं मी माश्यांसाठी करत नाही. माझ्या दृष्टीनं माशी ती माशी. ग्लेनिस फाटकातून आत येईल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, त्यासाठी करतो आहे.

१२ मे, रविवार

आज मातृदिन. आज ती अंघोळीला गेली नव्हती.

मी रोपांची नावं एका दमात वाचून दाखवली.

"साल्व्हिया कोणता? निळा की लाल?" तिनं विचारलं.

"निळा. यादीत निळा होता."

"बरं केलंस." मग, "आणि घंटाफुलं तू लावलीस? तुझ्या त्या पंजांनी?"

"दोन मोडली."

ती हसली! दोन महिन्यांनी हसली. मग म्हणाली, "डेस, एक ऐक. धुण्याच्या खोलीच्या भिंतीपाशी काही लावू नकोस हं. तिथं मोकळंच राहू दे."

मी म्हटलं, "नाही लावत. शप्पथ."

तिथं तिची खुर्ची असते, तिला जागा हवी असणार. पण त्या भिंतीचं नाव निघालं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ती भिंत! वीस वर्षं ती माझ्या मागे लागली होती: "साऱ्या गावच्या भिंती उभ्या करतोस, घरच्या भिंतीतून वारा येतो." दगडांमधल्या दरजांतला चुना भुसभुशीत झाला होता, बोट लावलं की भुगा पडायचा, जागोजाग भोकं. मी दर वर्षी "पुढच्या हिवाळ्यात" म्हणायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या परसात. गेली पाच-सहा वर्षं तिनं बोलणंच सोडून दिलं. माझ्या नावानं कंटाळली असणार बिचारी.

या हिवाळ्यात ती भिंत करायची. तिला सांगायचं नाही. आली की दाखवायची.

१० जून, सोमवार

इंग्लंडच्या राजाच्या वाढदिवसाची सुटी. चुना महिनाभर भिजत घातला होता, लोण्यासारखा झाला आहे. चुन्याचं काम थंडीतच करायचं, उन्हात तो भरभर सुकतो आणि तडकतो. हे माझ्या आजोबांनी वडिलांना शिकवलं आणि वडिलांनी मला. आजकालची पोरं सिमेंट थापून मोकळी होतात आणि आतला दगड कुजवतात.

दरजा खरवडायला घेतल्या. वाटलं त्यापेक्षा भिंत पोखरलेली निघाली. पेन्सिल जाईल एवढी भोकं, आत बोटभर खोल, आणि प्रत्येक भोकाच्या टोकाला मातीच्या गुळगुळीत कुप्या, शेंगदाण्याएवढ्या. फोडल्या तर आत पांढरट अळ्या, गोळा होऊन झोपलेल्या. शंभरेक असतील. कसली कीड लागली होती देव जाणे! ग्लेनिस इतकी वर्षं या भिंतीला पाठ टेकून बसत होती, हे आठवून मलाच शरम वाटली.

मॅगपाय पक्षी मजेत होते. तिघं जण पायांत घुटमळत होते, छिन्नी चालली की पुढं यायचे.

१६ जून, रविवार

फोनवर ग्लेनिसनं विचारलं, "काय करतोस दिवसभर?" मी म्हटलं, "सांगणार नाही." ती म्हणाली, "म्हातारपणी गुपितं?" आवाजात राग नव्हता. मी शीळ घालत भांडी घासली.

२३ जून, रविवार

भिंत झाली. रात्री हिम पडायचं म्हणून रोज संध्याकाळी ओलं गोणपाट झाकलं, सकाळी काढलं. चर्चच्या मनोऱ्यालाही मी एवढं जपलं नव्हतं. एक भोक नाही, एक चीर नाही. दरजा अशा बसल्या आहेत की हात फिरवत राहावंसं वाटतं. बावन्न वर्षांच्या धंद्यातलं हे माझं सगळ्यात चांगलं काम आणि ते बघायला फक्त ट्रूडीचा बोका.

१९ जुलै, शुक्रवार

गुडघे. हिम. एक लव्हेंडर गेलं.

१५ सप्टेंबर, रविवार

एमू-झुडपाला फुलं आली. ट्रूडीच्या माश्या हजर. तिला म्हटलं, "तुझ्या मधात आता माझा वाटा." ती म्हणाली, "तुझ्या वाट्याला मेण."

बाग बरी दिसते आहे. मला आता फुलांची नावं यादी न बघता येतात. सकाळी चहा घेऊन उगाच तिथं उभा राहतो. हे आधी का केलं नाही, हा प्रश्न सकाळी फार छळतो, म्हणून चहा लवकर संपवतो.

२० ऑक्टोबर, रविवार

ग्लेनिस: "आल्या का?"

मी: "अजून नाहीत."

"अजून थंड आहे. नोव्हेंबर लागू दे. मादी फुलाला धरून अख्खं अंग थरथरवते, मोठा आवाज येतो. तुझ्यासारख्या बहिऱ्यालाही ऐकू येईल." मग म्हणाली, "डेस, त्या आल्या ना, की मी येते घरी. आता टॅमसिनच्या स्वयंपाकघरात मलाही अडचण होते आणि तिलाही."

पंचाहत्तर किलोचा माणूस, आणि माझं सगळं नशीब आता नखाएवढ्या किड्यावर.

१७ नोव्हेंबर, रविवार

अडतीस अंश. साल्व्हिया निळाभोर. लिली बहरली आहे. मधमाश्या, फुलपाखरं, फुलावर तरंगणाऱ्या पिवळ्या माश्या, सगळं गाव लोटलं आहे. निळी एक नाही.

रोज दुपारी दोन ते पाच ग्लेनिसच्या खुर्चीत बसतो. भिंत पाठीला गार आणि गुळगुळीत लागते. कान देऊन ऐकतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

ट्रूडी म्हणाली, "माझ्या टोमॅटोवर दरवर्षी येतात, यंदा नाहीत. तुमच्याच बाजूनं यायच्या." ती कुंपणावर वाकली. "तू परत काही फवारलंस का रे?" मी म्हटलं, बायबल आण, हात ठेवतो. एक थेंबही नाही. मग ती म्हणाली, "मार्चमधल्या त्या विषानं मेल्या असतील."

म्हणजे मीच. बाग कितीही केली तरी त्या दिवसाचं विष पुरून उरलं. आज जेवलो नाही.

८ डिसेंबर, रविवार

मनात आलं होतं, सांगून टाकावं की आल्या. कोण तपासणार? पण ती कान देऊन बसेल. तेव्हा खरं सांगितलं. "नाही आल्या, ग्लेनिस. मी मारल्या वाटतं सगळ्या. मार्चमध्ये. मला क्षमा कर."

पंचेचाळीस वर्षांत हा शब्द मी तिला पहिल्यांदा म्हटला असेल.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मार्चमध्ये मोठ्या माश्यांचे दिवस सरतच आलेले असतात, रे. पिल्लं सुरक्षित असणार. येतील उशिरा. आणि नाही आल्या तरी मी येते शनिवारी. आठ महिने माझ्यासाठी मातीत गुडघे टेकलेस, पुरे झालं."

नाही आल्या तरी येते! हे वाक्य मी कागदावर लिहून ठेवतो आहे, म्हणजे उद्या खोटं वाटणार नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

लिहायला हात चालत नाही, पण लिहिलं नाही तर मी ते मनात माझ्या सोयीनं बदलेन. म्हणून जसं झालं तसं.

बस दीडला आली. तिच्याबरोबर कपड्यांच्या दोन पेट्या होत्या. एवढं सामान म्हणजे राहायला आली, हे मी तिथंच मोजलं. गाडीत तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी बेकरीतून मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी आणल्या होत्या, तिला आवडतात तशा, सलगम जास्त घातलेल्या.

फाटकातून आत आली आणि थांबली. सगळा कोपरा निळा-जांभळा. ती एकेका झाडापाशी वाकली. घंटाफुलांपाशी तर खालीच बसली आणि रडायला लागली. "तू केलंस हे?" म्हणाली. "एकट्यानं?" मी म्हटलं, "ट्रूडीचं शेण आहे." ती रडता रडता हसली. माझ्या आयुष्यात इतका सुखाचा क्षण आला नसेल. तिथंच थांबायला हवं होतं मी. तिथं हात धरून बसलो असतो तर?

पण मला कुठं थांबता येतं! मी म्हटलं, "आता डोळे मिट." तिला हाताला धरून धुण्याच्या खोलीकडे नेलं. भिंतीसमोर उभं केलं. "उघड."

तिनं उघडले. ती पुढं झाली, दरजेवर बोट ठेवलं आणि हळूहळू चालत राहिली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, बोट न उचलता. आंधळी माणसं चालतात तशी.

"कधी केलंस?"

"जूनमध्ये. चुना थंडीतच..."

"आतून काय निघालं, डेस?"

मी सांगितलं. अजूनही मला कळलं नव्हतं, मी उत्साहानं सांगत होतो: किती भोकं, कशा कुप्या, पांढऱ्या अळ्या, मॅगपायांची मेजवानी. सांगता सांगता तिच्या तोंडाकडे बघितलं.

ती खुर्चीत बसली. "त्या इथंच राहतात. जुन्या चुन्यात. हिवाळाभर पिल्लं आत झोपतात आणि ऊन तापलं की बाहेर येतात. याच भिंतीत जन्मतात, याच भिंतीत परत घर करतात. म्हणून तुला म्हटलं होतं, इथं काही लावू नकोस. त्यांना उडायला वाट हवी."

"तू म्हणायचीस भिंत दुरुस्त कर. वीस वर्षं म्हणत होतीस."

"हो. आणि मग म्हणायचं सोडलं. सहा वर्षं झाली. का सोडलं, ते कधी विचारलंस?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "काम सुंदर झालंय, डेस. खरंच." तिला तसं वाटत होतं, हे जास्त वाईट.

मी आत गेलो, छिन्नी आणली. म्हटलं, सगळं आत्ता खरवडतो. ती म्हणाली, "ठेव ती खाली. एकदा, एकदा तरी काही करू नकोस. नुसता बस."

मी बादली पालथी घालून बसलो. ऊन उतरेपर्यंत बसलो. पेस्टी गार झाल्या.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी चहा देताना विचारलं. रात्रभर तेच डोक्यात होतं. "ग्लेनिस, आणखी काय काय मागायचं सोडलंयस तू?"

ती कप हातात धरून बसली. म्हणाली, "नको आता. जुनं झालं."

मी म्हटलं, "सांग. मी उठत नाही."

तिनं सांगितलं. शनिवारचं नाचायला जाणं, असलं लहानसहान आधी. मग म्हणाली, "माझी बहीण गेली तेव्हा मी तिच्या गावी, व्हायअलाला, एकटी गेले. अंत्यविधीला."

मी म्हटलं, "तेव्हा चर्चच्या मनोऱ्याचं काम चालू होतं. परांची बांधलेली होती. पण तू चल म्हणाली असतीस तर..."

"म्हटलंच नाही मी. मुद्दाम नाही म्हटलं. विचारलं असतं आणि तू नाही म्हणाला असतास, तर मग मला तुझ्याबरोबर राहता आलं नसतं. आणि मला राहायचं होतं."

त्या अंत्यविधीला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी असं समजत होतो की तिला एकटीलाच जायचं होतं.

१६ डिसेंबर, सोमवार

एक पेटी तिनं उघडलीच नव्हती. दुसरी सकाळी भरली. मी राहा म्हटलं नाही. म्हणावंसं वाटत होतं, पण आधी तिला काय हवं ते विचारलं, आणि ती म्हणाली, "मला जायचं आहे." विचारलं की उत्तर मिळतं आणि ते आपल्या मनासारखं असेलच असं नाही. हे शिकायला मला एकाहत्तर वर्षं लागली.

बसथांब्यावर उभे होतो. घंटाफुलांना उन्हाळाभर पाणी घाल म्हणाली. मी हो म्हटलं. मग मी विचारलं, "अजून काही राहिलंय का सांगायचं?"

ती माझ्याकडे बघून हसली, पण ते हसणं नव्हतं. "डेस, एका रविवारात संपण्यासारखं नाही ते."

पेट्या मी उचलणार होतो, ड्रायव्हरनं उचलल्या. ती खिडकीपाशी बसली. बस वळेपर्यंत मी हात वर करून उभा होतो. तिनं हात केला की नाही, काचेवर ऊन होतं, मला दिसलं नाही.